स्फटिक, काठी आणि पेशीतील हमाल : एका कीटक-विषाणूच्या शोधाची दीडशे वर्षे

१/२२
रेशीमकिड्याची अळी अखेरच्या अवस्थेत आली की संगोपनगृहात तुतीच्या पानांवर सर पडावी तसा तिच्या खाण्याचा आवाज येत असतो. नेमक्या याच दिवसांत काही अळ्या खाणे सोडतात. त्यांची कातडी ताणून तकतकीत व पिवळट होते, सांधे फुगतात, अळी अस्वस्थपणे भटकते आणि कातडी फाटताच दुधासारखा द्रव बाहेर येतो. मराठवाड्यातील रेशीम उत्पादक या रोगाला ‘ग्रासरी’ म्हणतात. युरोपात त्याला कावीळ म्हणत. त्या द्रवाच्या एका थेंबाने दीडशे वर्षे शास्त्रज्ञांना कसे झुंजवले, त्याचा हा धागा.

२/२२
रोग जुनाच. इटालियन कवी मार्को जिरोलामो व्हिदा याने १५२७ मध्ये रेशीमकिड्यांवर एक लॅटिन काव्य प्रसिद्ध केले. त्यातील आजारी किड्यांचे वर्णन हा या काविळीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख मानला जातो. उत्तर इटलीतील असंख्य शेतकरी कुटुंबांचे वर्षाचे रोख उत्पन्न कोषांवर अवलंबून असे. अळ्या कोष बांधण्याच्या तोंडावर मेल्या की पाने, मजुरी आणि महिनाभराचे श्रम वाया जात. तरीही दोष हवेचा, पानांचा की हाताळणीचा, याचे उत्तर पुढची तीन शतके कोणाजवळ नव्हते.

३/२२
१८५६ मध्ये एमिलिओ कॉर्नालिया आणि आंजेलो माएस्त्री या दोन इटालियन संशोधकांनी आजारी अळीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशींच्या केंद्रकांत चकाकणारे, अनेक पैलूंचे कण ठासून भरलेले होते. मिलिमीटरच्या काही सहस्रांश आकाराचे हे कण साध्या सूक्ष्मदर्शकातही स्पष्ट दिसत. त्यांना ‘बहुफलक’ असे नाव मिळाले. निरोगी अळीत ते नसत. रोग ओळखण्याची खूण हाती आली. पण हे कण रोगाचे कारण आहेत की परिणाम? या एका प्रश्नावर पुढे जवळजवळ शतकभर मतभेद राहिले.

४/२२
इथे एक गल्लत टाळू. रेशीमकिडा म्हटले की लुई पाश्चरचे नाव आठवते. १८६५ मध्ये तो फ्रान्समधील आलेस येथे गेला, पण त्याचे काम प्रामुख्याने ‘पेब्रिन’ आणि ‘फ्लॅशरी’ या वेगळ्या रोगांवर होते. मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगमुक्त अंडी निवडण्याची त्याची पद्धत आजही ‘रोगमुक्त अंडीपुंजां’च्या रूपाने जिवंत आहे. काविळीचे कोडे मात्र त्याच्या हातून सुटले नाही. ते सुटण्यासाठी लागणारी साधनेच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

५/२२
शतकाच्या अखेरीस दोन परस्परविरोधी निष्कर्ष समोर आले. तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील गोरिझिया येथे योहान बोले याने १८९० च्या दशकात बहुफलकांचा संबंध थेट रोगाच्या कारणाशी जोडला. १९०७ मध्ये श्टानिस्लाउस फॉन प्रोव्हाझेक याने आजारी अळ्यांचा रस गाळून बहुफलक काढून टाकले. उरलेला निवळ रस निरोगी अळ्यांत घातला, तरी त्या आजारी पडल्याच! स्फटिक नसतानाही रोग होत असेल, तर स्फटिकांना दोषी कसे धरायचे?

६/२२
त्यानंतर अनेकांनी बहुफलकांकडे चुलीतील राखेसारखे पाहिले : आग होऊन गेल्याची खूण, आग नव्हे. प्रोव्हाझेकच्या प्रयोगात खोट नव्हती आणि बोलेच्या निरीक्षणातही नव्हती. दोन्ही खरे ठरावेत असा विषाणू कसा असू शकेल, याची कल्पना मात्र त्या काळात कोणाला करता येत नव्हती. ‘विषाणू’ या शब्दाचा अर्थच तेव्हा ‘गाळणीतून निसटणारे काहीतरी’ एवढाच होता. त्या काहीतरीला आकार मिळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

७/२२
१९४७. जर्मनीतील गेर्नोट बर्गोल्ड याने बहुफलक सौम्य अल्कधर्मी द्रावणात विरघळवले आणि उरलेला अंश इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर काठ्या दिसल्या. एका बहुफलकाच्या पोटात अनेक सूक्ष्म काठ्या दडलेल्या होत्या आणि रोगाचे बीज त्यांच्यातच होते. बहुफलक म्हणजे त्या काठ्यांभोवती बांधलेली प्रथिनाची पेटी. लॅटिनमध्ये काठीला ‘बॅक्युलम’ म्हणतात. त्यावरून पुढे या कुळाला ‘बॅक्युलोव्हायरस’ हे नाव पडले. बोलेची बाजू सावरली. प्रोव्हाझेकच्या निवळ रसाचे मात्र काय?

८/२२
त्यासाठी अळीबाहेर, काचेच्या भांड्यात वाढणाऱ्या कीटकपेशी हव्या होत्या. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ग्रेस याने एका पतंगाच्या पेशी अशा सातत्याने वाढवून दाखवल्या. आता संसर्गाचा एकेक टप्पा पाहता येऊ लागला. १९७० च्या दशकात अमेरिकेत लॉय व्होल्कमन आणि मॅक्स समर्स यांच्या कामातून स्पष्ट झाले की हा विषाणू दोन रूपांत बाहेर पडतो. एक रूप पेशीच्या पटलातून सुटे फुटून निघते. दुसरे स्फटिकाच्या पेटीत बंद होते. जनुके तीच, बांधणी निराळी.

९/२२
इतिहासाच्या वाचकांना हे सहज उमगेल. एकच मजकूर दोन प्रकारे धाडला जातो. गडावरच्या गडावर द्यायचा निरोप उघड्या चिठ्ठीने जातो; दूर मुलुखात जाणारा खलिता थैलीत घालून मोहोरबंद केला जातो. सुटे रूप एकाच अळीच्या शरीरात पेशीकडून पेशीकडे जाते. पेटीबंद रूप ऊन-पाऊस सोसत दुसऱ्या अळीची वाट पाहते. प्रोव्हाझेकच्या गाळलेल्या रसात सुटी रूपे होती, बोलेच्या स्फटिकांत बंद रूपे. दोघांनी एकाच विषाणूची दोन अंगे पाहिली होती.

१०/२२
यातून पुढचा प्रश्न उभा राहिला आणि तो अधिक कठीण होता. विषाणूची काठी साधारण २५० ते ३०० नॅनोमीटर लांब. पेशीचे अंतरंग म्हणजे आठवडी बाजारासारखी गर्दी. एवढी मोठी वस्तू तिथे नुसती तरंगत इच्छित स्थळी पोचणे अवघड. आधी पटलापासून केंद्रकापर्यंत जायचे, मग नव्या काठ्यांनी केंद्रकापासून पुन्हा पटलापर्यंत यायचे. विषाणूजवळ पाय नाहीत, इंजिन नाही, इंधनही नाही. मग त्याला नेते कोण?

११/२२
पेशीत वाहतुकीच्या दोन व्यवस्था असतात. ‘अॅक्टिन’ नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू, जे एका टोकाने वाढत जाऊन समोरची वस्तू ढकलू शकतात. आणि ‘सूक्ष्मनलिका’, ज्यांवरून ‘कायनेसिन’सारखी प्रथिने डोक्यावर ओझे घेऊन हमालांप्रमाणे चालतात. व्होल्कमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात दाखवले की विषाणू आत शिरताच पेशीतील अॅक्टिनचे दोर वळले जातात आणि नंतरच्या टप्प्यात चक्क केंद्रकातही अॅक्टिन जमा होते. १९९९ मध्ये आढळले की केंद्रकातील या तंतूंशिवाय नव्या काठ्यांची जुळणीच नीट होत नाही.

१२/२२
हे घडवून आणणारे प्रथिन कोणते? धागा जिवाणूंच्या अभ्यासातून मिळाला. लिस्टेरिया हा जिवाणू पेशीतील अॅक्टिनची शेपटी मागे लावून धूमकेतूसारखा पळतो, हे १९८९ मध्ये ठाऊक झाले होते. ही शेपटी विणणारे पेशीचे यंत्र म्हणजे ‘एआरपी २/३’ हा प्रथिनसंच. निरोगी पेशीत हे यंत्र चालू करण्याचे काम पेशीचीच काही प्रथिने करतात. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात एरिन गोली, मॅथ्यू वेल्च, व्होल्कमन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की बॅक्युलोव्हायरसचे ‘पी७८/८३’ हे प्रथिन त्यांचीच नक्कल करते.

१३/२२
हे प्रथिन काठीच्या एका टोकाशी बसलेले असते. म्हणजे विषाणू पेशीत येतानाच किल्ली सोबत आणतो. २०१० मध्ये तारो ओहकावा, व्होल्कमन आणि वेल्च यांनी जिवंत पेशीतील ही धाव टिपली : स्वतःचे एकही जनुक वाचले जाण्यापूर्वी काठी अॅक्टिनच्या रेट्याने सरकू लागते आणि केंद्रक गाठते. तेथील छिद्रातून काठी अखंड आत शिरते. अनेक विषाणू केंद्रकाच्या उंबरठ्यावर कवच टाकून फक्त जनुकद्रव्य आत सोडतात. बॅक्युलोव्हायरस सडपातळ असल्यामुळे सामानासह प्रवेश करतो.

१४/२२
आता जुळणी. या कुळातील सर्वाधिक अभ्यासलेल्या विषाणूचा डीएनए १,३३,८९४ अक्षरजोड्यांचा आहे. १९९४ मध्ये तो पूर्ण वाचला गेला. सरळ ताणला तर त्याची लांबी काठीच्या लांबीच्या सुमारे दीडशेपट भरेल. इतका दोरा इतक्या छोट्या नळीत भरण्यासाठी ‘पी६.९’ हे लहानसे प्रथिन कामी येते. त्याच्यावरचा धन विद्युत्प्रभार डीएनएच्या ऋण प्रभाराला आकर्षून घेतो आणि दोरा घट्ट गुंडाळला जातो. भोवतालची नळी मुख्यतः ‘व्हीपी३९’ या प्रथिनाच्या असंख्य प्रतींनी घडते. हा सगळा कारखाना केंद्रकाच्या मधोमध उभा राहतो.

१५/२२
तयार काठ्यांपैकी काहींना केंद्रक सोडून पेशीच्या सीमेवर जावे लागते. ‘एक्झॉन०’ नावाचे प्रथिन बनवणारे जनुक काढून टाकले, तर काठ्या तयार होतात खऱ्या, पण केंद्रकातच अडकून पडतात आणि सुट्या विषाणूंची पैदास कमालीची घटते. डेव्हिड थाईलमन यांच्या कॅनडातील गटाने २००९ मध्ये दाखवले की हे प्रथिन सूक्ष्मनलिकांच्या घटकाला जोडले जाते. २०१२ मध्ये लिंडा किंग यांच्या ब्रिटिश गटाला आढळले की एक्झॉन० आणि व्हीपी३९ दोन्ही थेट कायनेसिनशी जोडली जातात. काठीच्या अंगावरच हमालाला धरता येईल अशी मूठ होती!

१६/२२
सीमेवर वेगळीच तयारी झालेली असते. ‘जीपी६४’ हे विषाणूचे प्रथिन पेशीच्या बाह्य पटलावर आधीच जाऊन बसलेले असते. काठी तेथे पोचते, पटलाचा तुकडा पांघरते आणि बाहेर पडते. पांघरुणातील हेच जीपी६४ पुढच्या पेशीचे दार उघडते. पेशी विषाणूला गिळून आपल्या आम्लयुक्त पिशवीत टाकते तेव्हा जीपी६४ आकार बदलते, दोन पटले एकमेकांत मिसळतात आणि काठी मोकळी होते. पुन्हा अॅक्टिन, पुन्हा केंद्रक. प्रोव्हाझेकच्या रसातील अदृश्य रोग हा असा पेशीपेशींतून फिरत होता.

१७/२२
काही तासांनी आदेश बदलतो. उरलेल्या काठ्या केंद्रकातच थांबतात आणि तेथेच पांघरूण घेतात. पांघरुणाची प्रथिने मात्र केंद्रकाबाहेर बनतात. त्यांना आतल्या पटलापर्यंत आणायचे कसे? शेरॉन ब्राउनागेल, समर्स आणि सहकाऱ्यांनी अशा प्रथिनांतील पत्त्यासारखा छोटा भाग शोधला. त्या पत्त्याच्या मागावर जाताना २००६ मध्ये त्यांना ‘इम्पोर्टिन-अल्फा-१६’ हे प्रथिन सापडले. नव्याने बनणाऱ्या पटल-प्रथिनाचा पत्ता वाचून त्याला केंद्रकाच्या वाटेला लावण्यात ते सहभागी असते. हे प्रथिन विषाणूचे नव्हते, पेशीचे होते. विषाणूचा माग काढताना पेशीच्या टपालखात्याचाच एक कारकून उजेडात आला.

१८/२२
शेवटी ‘पॉलिहेड्रिन’ हे प्रथिन प्रचंड प्रमाणात बनते आणि काठ्यांभोवती स्फटिक रचते. १८५६ मध्ये दिसलेले बहुफलक ते हेच. ते उन्हापावसात तग धरतात, पण अळीच्या आतड्यातील तीव्र अल्कधर्मी रसात विरघळतात. बर्गोल्डने प्रयोगशाळेत केले ते निसर्ग अळीच्या पोटात करीत आला होता. जर्मन वनरक्षक अशा एका रोगाला ‘शेंड्याचा रोग’ म्हणत, कारण अळ्या झाडाच्या टोकावर चढून मरत. २०११ मध्ये अमेरिकी जंगलांतील एका पतंगाच्या विषाणूत या चढाईमागचे एक जनुकही सापडले. वरून गळणारा द्रव खालच्या पानांवर पडतो आणि नव्या अळ्या तो खातात.

१९/२२
आता या ज्ञानाचा मानवी उपयोग पाहू. भांड्यातील पेशींत सुटे रूप पुरेसे असते. तेथे पेटीची गरज नाही. म्हणजे पॉलिहेड्रिनचे जनुक काढले तरी विषाणू चालतो आणि ते जनुक चालू करणारा बलवान दुवा मोकळा राहतो. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये गेल स्मिथ आणि समर्स यांनी त्या जागी मानवी बीटा-इंटरफेरॉनचे जनुक बसवले. कीटकाच्या पेशी माणसाचे प्रथिन बनवू लागल्या. दोन रूपांचा भेद उलगडला नसता, तर कोणते जनुक निर्धास्तपणे काढता येईल हे कळलेच नसते.

२०/२२
जुळणीचा धडाही उपयोगी पडला. १९९२ मध्ये अमेरिकेत राइनहार्ड कीर्नबाउअर, डग्लस लोवी आणि जॉन शिलर यांनी पॅपिलोमा विषाणूचे केवळ एक कवच-प्रथिन कीटकपेशींत बनवले. त्या प्रथिनाच्या प्रती आपोआप एकत्र येऊन पोकळ, विषाणूसारखे गोळे तयार झाले. आत जनुकद्रव्य नाही, म्हणून रोगाची भीती नाही. २००७ मध्ये युरोपात मान्यता मिळालेली ‘सर्व्हारिक्स’ ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस पतंगाच्या पेशींत याच मार्गाने बनते.

२१/२२
आणि हा मार्ग पुण्यापर्यंत येतो. डिसेंबर २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन मान्यता मिळालेली ‘कोव्होव्हॅक्स’ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नोव्हाव्हॅक्स कंपनीच्या तंत्राने बनवली. तिच्यातील काटेरी प्रथिन बॅक्युलोव्हायरसच्या साह्याने ‘एसएफ९’ पेशींत तयार होते. या पेशींचे मूळ एका पतंगाच्या कोषावस्थेतील बीजांडकोशात आहे. तो पतंग म्हणजे अमेरिकन लष्करी अळीचा, २०१८ मध्ये भारतात शिरून महाराष्ट्रातील मक्याचे पोंगे पोखरणारी तीच अळी! शेतात जिच्याशी झुंज, तिच्याच पेशी लसीच्या कामी आल्या.

२२/२२
आपल्या हरभऱ्याच्या शेतातही हे कुळ नांदते. घाटेअळीवर फवारला जाणारा ‘एचएएनपीव्ही’ हा बॅक्युलोव्हायरसच. त्याचे माप ‘एलई’, म्हणजे अळी-तुल्यांक. एका एलईत ६०० कोटी बहुफलक धरतात. फवारणी सायंकाळी करायला सांगतात, कारण पेटी कितीही भक्कम असली तरी तीव्र ऊन आतल्या डीएनएला इजा करते. ग्रासरीवर मात्र आजही औषध नाही. चुना, निर्जंतुकीकरण आणि आजारी अळ्या तातडीने वेचून काढणे हाच उपाय. कॉर्नालिया आणि माएस्त्री यांना जे दिसले ते खरे होते, पण त्याचा अर्थ लागायला बोले आणि प्रोव्हाझेक या दोघांच्या विरोधी पुराव्यांना एकत्र नांदवणारे उत्तर शोधावे लागले. जुन्या वादांचे कागद वाचताना कोण जिंकले हे पाहण्याआधी, दोघांनी नेमके काय पाहिले होते, हे जरूर तपासा.